नऊला पडणारं गेट

सोलापूरच्या बाजार समितीत आमचं कांद्याचं अडत दुकान आहे. जानेवारीत गड्ड्याची यात्रा उलगत येते त्या सुमाराला लाल कांद्याची आवक इतकी होते, की गाळ्यासमोर पाय ठेवायला जागा राहत नाही. हा कांदा उन्हाळी कांद्यासारखा टिकत नाही. मानेत ओल राहिली की चार-पाच दिवसांत गोणीला वास सुटतो. म्हणून तो भरला की निघाला पाहिजे, आणि निघाला की वाटेत कुठे अडकता कामा नये.

दहा-अकरा वर्षांपूर्वी कोझिकोडला पाठवलेली अशीच एक गाडी अडकली. विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, म्हैसूर करत ती गुंडलुपेटपर्यंत व्यवस्थित गेली. रात्री सव्वानऊला ड्रायव्हरचा फोन आला. "मालक, गेट पडलं. दहा मिनिटांनी चुकलं. आता सकाळी सहाला सोडणार." मी विचारलं, कसलं गेट? तर म्हणाला, "हत्तीचं." पुढे बंदीपूरचं जंगल होतं, आणि त्या जंगलातून जाणारा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, हे मला त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी गाडी पोचेपर्यंत तिकडचा सकाळचा बाजार उरकला होता. पट्टी आली तेव्हा क्विंटलमागे दीडशे रुपये कमी लागले होते. त्यानंतर कितीतरी दिवस मी भेटेल त्याला विचारत होतो, रस्ता ओलांडायला हत्तीला नऊ तास लागतात का?

आज मी त्या गेटाच्या बाजूने लिहितो आहे. केरळ, कर्नाटक आणि दिल्लीत या रस्त्यावरून इतकी वर्षं वाद चालला आहे, पण त्या रस्त्यावर ज्यांचा माल आणि ज्यांच्या सहली जातात त्या आपल्यासारख्यांचं त्याबद्दल काहीच म्हणणं ऐकू येत नाही. आपण त्या वादात पक्षकार आहोत. आपला कांदा, आपलं डाळिंब त्या वाटेने जातं, आणि उटीला जाणारी आपली कुटुंबंही.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही घरचे चौघं बंदीपूरला गेलो. मुलीची बारावी झाली होती आणि तिने हत्तीचा हट्ट धरला होता. गोलघुमट एक्स्प्रेसने म्हैसूर, तिथून गाडी. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होतीच. गुंडलुपेट सोडल्यावर दोन्ही बाजूंना झेंडूची शेतं लागतात, आणि मग शेतं संपतात तिथे जंगल एका रेषेत उभं राहतं. आपल्याकडे गाव संपून माळ कधी सुरू झाला ते कळत नाही. तिथे शेवटचा बांध आणि पहिलं झाड यांच्यामध्ये एक खोल चर आहे, काही ठिकाणी रेल्वेच्या जुन्या रुळांचं कुंपण आहे. हत्ती शेतात उतरू नयेत म्हणून. रूळ जमिनीत उभे गाडून त्यांना आडवे रूळ जोडलेले. मी हात लावून पाहिलं, आणि असल्या लोखंडाची गरज पडावी असा प्राणी रोज रात्री पलीकडे उभा राहत असेल तर इथल्या शेतकऱ्याला झोप कशी लागत असेल, हा विचार तिथेच पहिल्यांदा मनात आला.

पहिल्या दिवशी हिमवद गोपाळस्वामी बेट्टावर गेलो. १४५४ मीटर उंचीचा हा डोंगर बंदीपूर राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात आहे. वर वेणुगोपाळाचं जुनं देऊळ आहे. खासगी गाड्या पायथ्याला थांबवतात आणि सरकारी बसने वर नेतात. आमच्या बसमध्ये पुढच्या सीटवरची आजी कन्नडमध्ये वाहकाशी भांडत होती, की पूर्वी आम्ही स्वतःच्या जीपने जायचो. वाहक शांतपणे म्हणाला, "अज्जी, पूर्वी हत्तीही दिवसा इथे फिरायचे, आता परत फिरायला लागलेत." सोलापूरच्या माणसाला एवढं कन्नड समजतंच.

वर मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दाट अरण्य दिसेल अशा अपेक्षेने गेलो होतो, आणि डोंगरमाथ्यावर झाडंच नव्हती. नुसतं गवत. गुडघाभर, हिरवंगार, वाऱ्यासरशी एका बाजूला झोपणारं. झाडी होती ती दोन उतारांच्या खोबणीत, जिथे पाणी उतरतं तिथे. धुकं विरलं तेव्हा समोरच्या उतारावर मुलीने सात काळे ठिपके दाखवले. मला त्या शिळा वाटल्या. मग एक शिळा हलली. ते हत्ती गवत खात होते. दुर्बिणीतून दिसलं, की एक मोठी हत्तीण सोंडेने गवताचा झुबका उपटायची, पायावर आपटून मुळांची माती झाडायची आणि मग तोंडात घालायची. बाईने मेथीची जुडी झटकावी तसं. एका मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो आणि शंभर लिटरहून जास्त पाणी. सात जणांचा टन भरतो. म्हणजे एका जागी राहून त्यांचं भागणंच शक्य नाही. हिरवं संपलं की पाणी गाठायचं, पाणी आटलं की दुसरं खोरं गाठायचं, हाच त्यांचा संसार. बंदीपूर, पलीकडचं मुदुमलाई, पश्चिमेचं वायनाड आणि उत्तरेचं नागरहोळे ही नावं आपण नकाशावर वेगळी लिहितो, हत्तीच्या लेखी ते एकच रान आहे. आपले रस्ते त्या रानाच्या मधून जातात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास उटी रस्त्यावर आमची गाडी थांबली. पुढे चार गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि काचा वर घ्यायला सांगितल्या. उजवीकडच्या घाणेरीच्या जाळीतून हत्तीण बाहेर आली. रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. सोंडेचं टोक जमिनीलगत नेऊन तिने डांबर हुंगलं, मग सोंड वर उचलून इंग्रजी एससारखी वळवली आणि हवा हुंगली. एक पाय डांबरावर ठेवला. परत घेतला. पलीकडून हॉर्न वाजला. ती पूर्ण वळली आणि जाळीत गेली. चार मिनिटांनी परत आली. या वेळी तिच्या मागे दुसरी होती, आणि दोघींच्या मध्ये, पोटाखालून चालणारं, सोंडेचं काय करायचं हे अजून न कळलेलं पिल्लू. पहिली रस्त्याच्या मध्ये आडवी उभी राहिली, बाकीच्या तिच्या मागून निघून गेल्या. अडीच-तीन टन वजनाच्या त्या पावलांचा आवाज अजिबात येत नव्हता. सगळे गेल्यावर ती गेली. मी घड्याळ पाहिलं होतं. अकरा मिनिटं. तेवढ्यात आमच्या मागे तेवीस गाड्या जमल्या होत्या, त्यात नऊ ट्रक.

दिवसाउजेडी, सगळ्या गाड्या शहाण्यासारख्या थांबलेल्या असताना, एका हॉर्नमुळे हे कुटुंब एकदा परत फिरलं. त्याच जागी रात्री, वीस-वीस टनांच्या गाड्या एकामागून एक, डोळ्यावर येणारे दिवे, आणि माझ्या गाडीसारखा सकाळचा बाजार गाठायची घाई असलेला ड्रायव्हर. हत्तीण पाय ठेवणार कधी? हत्तीला रस्ता ओलांडायला नऊ तास लागत नाहीत. पण ओलांडायचं धाडस होण्यासाठी लागणारी शांतता त्याला दिवसभरात आम्ही कुठे देतो? दिवसाचे पंधरा तास आमचे आहेत. उरलेले नऊ त्याला दिले, यात दानधर्म केल्यासारखं आपल्याला वाटू नये.

ही बंदी २००९ साली, बंदीपूर ज्या जिल्ह्यात येतं त्या चामराजनगरच्या प्रशासनाने घातली. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. रुग्णवाहिकांना आणि ठरावीक संख्येच्या सरकारी बसना रात्रीही सोडतात. म्हणजे "रात्री कुणी आजारी पडलं तर?" या प्रश्नाला उत्तर आहे. तरीही वायनाडच्या लोकांचा राग मी उडवून लावणार नाही. २०१९ मध्ये सुलतान बत्तेरीत तरुण मुलं या रस्त्यासाठी उपोषणाला बसली होती आणि हजारो माणसं त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्यांच्या जिल्ह्यातून बाहेर पडायच्या मोजक्या वाटा आहेत आणि त्यांतली एक रोज रात्री बंद होते. वर हत्ती त्यांच्या अंगणात येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मानंतवाडीजवळ गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हत्ती घराच्या आवारात शिरला आणि त्याने एका माणसाला चिरडलं. असा मृत्यू पाहिलेल्या गावाला मी सोलापुरात बसून हत्तीप्रेम शिकवणं शोभणारं नाही.

पण या दुःखाचा उपाय रात्री रस्ता उघडणं हा आहे का? माझं उत्तर ठामपणे नाही असं आहे. वाट अडलेला कळप नाहीसा होत नाही, तो दुसरीकडून वाट काढतो, आणि ती वाट बहुधा कुणाच्या तरी केळीतून असते. रस्ता उघडून वायनाडच्या शेतकऱ्याला सुरक्षितता मिळेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही. मिळेल ती आमच्यासारख्या व्यापाऱ्यांना सोय.

दुसरा रस्ता वापरा, असं कर्नाटक सांगतं. हुणसूर-गोणिकोप्पावरून फेरा पडतो, पण तो रात्री चालू असतो. हा युक्तिवाद मी पूर्वी निर्धास्तपणे करत असे, आता करवत नाही. कारण तो रस्ताही नागरहोळेच्या कडेने जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच रस्त्यावर मत्तिगोडु हत्ती कॅम्पजवळ पहाटेच्या अंधारात एका खासगी बसने 'रौडी रंगा' नावाच्या हत्तीला धडक दिली आणि तो मेला. हा हत्ती पूर्वी शेतांची नासधूस करतो म्हणून पकडून आणलेला, माणसाळवलेला, कॅम्पातला. म्हणजे आपण एका जंगलातली गर्दी उचलून दुसऱ्या जंगलाच्या दारात नेऊन ठेवली, आणि तिथे वेग आवरला नाही. पर्यायी रस्ता द्यायचा तर त्यावर रात्रीचा वेग सक्तीने खाली आणला पाहिजे. गाडीला अर्धा तास जास्त लागला तर लागू दे.

तिसरी सूचना आहे ती रस्ता खांबांवरून नेण्याची. खालून हत्ती, वरून ट्रक, सगळे खूश. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाने ती पुढे आणली होती आणि कर्नाटकाने नाकारली. ऐकायला ती फार छान वाटते, म्हणूनच मला तिची भीती वाटते. खांब उभे राहीपर्यंतची वर्षं यंत्रं, मजूर, दिवे, खडीचे डंपर जंगलाच्या गाभ्यात राबणार. आणि पुढे? हत्ती एकमेकांशी बोलतात त्यातला बराचसा भाग आपल्या कानाला ऐकू येत नाही इतक्या खालच्या स्वरात असतो. १९८०च्या दशकात संशोधकांच्या ते लक्षात आलं. मैलभर लांबच्या कळपाला ते त्या स्वरात हाक घालू शकतात. डोक्यावरून रात्रभर जड गाड्यांची घरघर चालू असेल तर त्या हाकेचं काय होतं, याचा विचार कुठल्याही अंदाजपत्रकात मांडला जाणार नाही.

आता पैशाचं बोलतो, कारण मी व्यापारी आहे आणि माझा मूळ राग पैशाचाच होता. एका रात्रीच्या हॉल्टिंगचे, ड्रायव्हर-क्लीनरच्या भत्त्यासकट, माझ्या हिशेबाने अडीच हजार रुपये होतात. गाडीत वीस टन कांदा. किलोला साडेबारा पैसे पडले. बाजार हुकला तर जास्त, पण बाजार हुकतो तो गेट माहीत नसलेल्याचा. आमचा दोष होता तो एवढाच, की गाडी दुपारी चारऐवजी सकाळी दहाला भरली असती तर नऊच्या आत जंगल पार झालं असतं. दीडशे रुपयांचा तोटा मी वर्षभर हत्तीच्या नावावर लिहीत राहिलो. तो आमच्या हमालीच्या वेळेचा तोटा होता.

आणि ज्यांचा तोटा खरोखर हत्तीच्या नावावर लिहावा अशी माणसं आपल्याच राज्यात आहेत. दोडामार्गला तिलारीच्या खोऱ्यात कर्नाटकातून हत्ती आले त्याला वीस वर्षांहून जास्त काळ झाला. चंदगड-आजऱ्यात येतात. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला कळप आहे. एका रात्रीत माड मोडून पडलेले, केळी आणि काजू तुडवलेले, पंचनाम्याला माणूस दोन दिवसांनी येणार. पंधरा वर्षं वाढवलेल्या माडाची भरपाई कुठल्या दराने मोजणार? त्या शेतकऱ्याला आपण हत्तीच्या वाटेत बसवलं आहे आणि वाटेची किंमत त्याच्या एकट्याकडून वसूल करतो आहोत. जंगलातून जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीमागे, प्रत्येक पर्यटकामागे शे-दोनशे रुपये घ्या आणि ते थेट जंगलकाठच्या गावांच्या भरपाईत टाका, आठवड्याच्या आत. मी द्यायला तयार आहे. माझ्या पेठेतले चारजण तरी तयार होतील, मी विचारलं आहे.

पर्यटकांबद्दल थोडं. ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीपूरच्या रस्त्यावर एक माणूस फोटोसाठी हत्तीच्या जवळ गेला, हत्ती धावून आला, हा पडला, तुडवला जाता जाता वाचला. वनखात्याने त्याला पंचवीस हजार दंड केला. योग्य केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वाघांनी माणसं मारल्यावर कर्नाटक सरकारने बंदीपूर-नागरहोळेतली सफारी थांबवली. सफारीच्या गाड्यांमुळे जनावरं बाहेर पडतात असं तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. ते पुरतं खरं असेल-नसेल, पण ज्याच्या गोठ्यापर्यंत वाघ येतो त्याने सफारी बंद करा म्हटल्यावर हॉटेलचं बुकिंग वाया गेलं म्हणून कुरकुर करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे सगळं परक्या मुलखात जाऊन कळावं आणि घरी येऊन विसरावं, असं होऊ नये म्हणून शेवटी नान्नजकडे येतो. सोलापूरपासून वीस किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. गोपाळस्वामी बेट्टावर ते गवत पाहून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर आपल्या नान्नजसारखं आहे." मला ते पटायला वेळ लागला. कारण बेट्टावरच्या गवताला आम्ही निसर्ग म्हणालो आणि नान्नजच्या गवताला आम्ही आयुष्यभर पडीक म्हणत आलो. सातबाऱ्यावरही आपण त्याला तेच म्हणतो. झाड लावलं की पुण्य, गवत नांगरलं की विकास. त्या गवतात काळवीट आहे, लांडगा आहे, आणि ज्याच्यासाठी हे अभयारण्य झालं तो माळढोक आता वर्षानुवर्षं एखादाच दिसतो.

मात्र इथे नियम करताना जी चूक झाली तीही सांगितली पाहिजे. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र तब्बल ८४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात अख्खी गावं, बाजारपेठा, बागायती आल्या. जमिनीचा व्यवहार अडला, विहिरीला अडचण, कर्जाला अडचण. माळढोक कधी न पाहिलेला शेतकरी माळढोकाला शिव्या देऊ लागला. पुढे ते क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर मनं बिघडली होती. बंदीपूरचं गेट मला पटतं ते म्हणूनच. एक रस्ता, नऊ तास, दोन टोकांना दोन चौक्या. काय बंद आहे आणि कशासाठी, हे माझ्या ड्रायव्हरलाही एका शब्दात सांगता आलं. नान्नजला असं नेमकं काहीतरी हवं आहे. विणीच्या पावसाळ्यात ठरावीक गवताळ पट्ट्यांत गुरं आणि गाड्या नकोत, त्या काळातल्या चाऱ्याचे पैसे धनगरांच्या हातात आगाऊ द्या, आणि वीजतारा त्या पट्ट्यातून बाजूला घ्या. एवढं करा, मग हजारो चौरस किलोमीटरच्या कागदाची गरज पडणार नाही. धनगर तर त्या माळावर आपल्याआधीपासून आहेत. कुठे कोणतं पाखरू बसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

यंदा जानेवारीत कोझिकोडच्या व्यापाऱ्याला मी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं, की माल एक दिवस उशिरा धरा. त्याने कारण विचारलं नाही, त्याला ते माझ्याआधीपासून माहीत होतं. गाडी आता सकाळी अकराच्या आत भरतो. तरी एकदा चित्रदुर्गजवळ टायर बसला आणि ड्रायव्हर नऊनंतर पोचला. आता गाडी चालवतो तो जुन्या ड्रायव्हरचा मुलगा आहे. फोनवर त्याचा आवाज अपराध्यासारखा होता. मी म्हटलं, जेवलास का? म्हणाला, चौकीजवळच्या टपरीवर भात मिळाला. मग थोडं थांबून हळू आवाजात म्हणाला, "मालक, पलीकडे फांद्या मोडल्याचा आवाज येतोय. बरेच असणार." मी त्याला फोन बंद करू दिला नाही. दोघंही बराच वेळ काही न बोलता ऐकत राहिलो.